शेवटच्या नळाचे साहेब

पाण्याजवळ घर बघणारी माणसं सगळीकडे असतात. पाणी जेमतेम पोचतं तिथे हट्टाने बिऱ्हाड करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आला. हे गृहस्थ पाणीखात्यात बरेच वरचे अधिकारी. मुलुंडच्या कुठल्या नळाला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या शब्दावर ठरायचं. खात्याचा बंगला मिळत असताना तो नाकारून ते आमच्या चाळीत दोन खोल्यांत आले, कारण आमची चाळ पाण्याच्या लाइनीच्या अगदी शेपटाला होती. "अंगणातला हा नळ शेवटचा. इथे पाणी आलं म्हणजे सगळ्या गावात आलं. मला वेगळा तपास करायला नको," असं त्यांनी चाळमालकाला सांगितलं. मालकाने त्यांना एकदा खालून वर निरखून पाहिलं आणि मुकाट्याने किल्ली दिली.

पाण्यापलीकडे त्यांना काही दिसतच नसे. कुणाकडे गेले की आधी मोरीत डोकावायचे, मग माणसांची विचारपूस. रस्त्यात एखादा नळ ठिबकताना दिसला तर छत्री काखेत मारून तो पिळून बंद करायचे, आणि बंद होईना झाला तर आपलंच कार्टं उनाड निघाल्यासारखे त्याच्याकडे बघत उभे राहायचे. भाचीसाठी स्थळ बघायला घाटकोपरला गेले, तेव्हा मुलाचं शिक्षण, नोकरी राहिलं बाजूलाच. हे मागच्या दारी जाऊन मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहत बसले. पाणी विहिरीच्या अंगाला वळलं. "ज्या घराचं सांडपाणी विहिरीकडे जातं त्या घरात आमची मुलगी जाणार नाही," असं सुनावून ते चहा न घेता बाहेर पडले. भाचीला मुलगा मनापासून आवडला होता. तिचं लग्न पुढे बरीच वर्षं रखडलं. त्यावरून कुणी बोललंच तर साहेब शांतपणे म्हणायचे, "टायफॉइड तर नाही ना झाला तिला?"

पण ते आले आणि आमच्या नळाला धो धो पाणी येऊ लागलं, हे खरं. बायकांनी विहिरीचे दोर गुंडाळून माळ्यावर टाकले. चाळीमागे गोड्या पाण्याची जुनी विहीर होती. डास होतात म्हणून विहिरी बंद करा, असा हुकूम तेव्हा निघालाच होता. आजूबाजूचे शहाणे लोक देवाच्या पूजेचं निमित्त सांगून झाकणाची एक फळी उघडती ठेवून घेत. आम्हांला तेवढंही शहाणपण नको होतं. पाण्याचा साहेब घरात असताना फळी कशाला? विहीर पुरती बुजवायची, असं चाळीच्या बैठकीत ठरलं. कोपऱ्यातल्या खोलीतली मालवणी आजी तेवढी आडवी आली. "सायबाची बदली होता," ती विहिरीकडे बोट दाखवून म्हणाली, "बावडेची बदली होणा नाय." सगळे हसले, साहेबही हसले. "आजी, मी गेलो तरी लाइन इथेच आहे ना? पाणी येणारच," ते म्हणाले. डबर टाकून आम्ही विहीर भरली, वर चौथरा बांधला आणि त्या वर्षीचा गणपती त्यावरच बसवला.

मग आमच्या अलीकडे, त्याच लाइनीवर, एका पुढाऱ्याने बंगला बांधला. बंगल्याला बाग आणि बागेला कारंजं. त्यासाठी जाड पाइपाची जोडणी हवी होती. साहेबांनी ती दिली नाही. "तुमचं कारंजं उडालं की शेवटच्या नळाला काय येणार?" असं त्यांनी पुढाऱ्याला तोंडावर विचारलं. लवकरच त्यांची बदली झाली, तीही गटारांकडे. आम्ही सांत्वनाला गेलो तर म्हणाले, "पाणी तेच हो. आधी येताना बघत होतो, आता जाताना बघेन." बंगल्याला जोडणी मिळाली, कारंजं उडू लागलं आणि आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. पुढे तीही गेली. नळ सोडला की नुसती हवा फुसफुसायची.

चाळ आधी हळहळली, पण ती हळहळ पाण्याआधीच आटली. विहीर उपसून काढावी म्हटलं तर आत डबर आणि चुन्याचा चिखल. बायका रुळांपलीकडच्या तबेल्याच्या विहिरीवर जाऊ लागल्या. त्यांत साहेबांची बायको, आमच्या वहिनीही होत्या. वरच्या मजल्यावरचे मास्तर एकदा भर अंगणात म्हणाले, "तत्त्वं तुमची साहेब, हंडे मात्र आमच्या बायकांच्या डोक्यावर." मालवणी आजी चौथऱ्यावर नुसती बसून राहायची, आणि तिच्या समोरून जाणं मला नकोसं व्हायचं.

अशात साहेबांच्या जागी आलेला अधिकारी त्यांना भेटायला आला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला. गॅलरीत उभं राहून तो म्हणाला, "साहेब, तुमच्या खोलीपुरती वेगळी लाइन टाकून देतो. कोण विचारतंय?"

"नको रे. मग शेवटच्या नळाला पाणी येतंय की नाही, हे मला कसं कळणार?"

आतून वहिनींचा आवाज आला, "कळून तुम्ही आता करणार काय?"

साहेबांनी त्या अधिकाऱ्याला तसंच वाटेला लावलं. मला त्यांचा असा संताप आला, की तो आजही पुरता गेलेला नाही. ती लाइन आली असती तर आम्ही सगळ्यांनी तिच्यातून हंडा हंडा भरला असता आणि तोंडातून ब्र काढला नसता. पण साहेबांना पाणी नको होतं, पाण्याचा न्याय हवा होता. आणि तो मुलुंडात कुठल्याच पाइपातून येत नव्हता.

वहिनी तबेल्याच्या उतारावर भरल्या हंड्यासकट पडल्या. मांडीचं हाड मोडलं. इस्पितळातून त्या चाळीत परत आल्याच नाहीत, परस्पर ठाण्याला भावाकडे गेल्या. काही दिवसांनी साहेबांनीही बिऱ्हाड हलवलं. सामान टांग्यात चढवायला मी एकटाच खाली उतरलो. बाकीचे दारांत उभे राहून बघत होते.

आमच्याकडे तेव्हा नळ उघडाच ठेवायची रीत पडली होती. चुकून पाणी आलंच तर आवाजाने कळावं म्हणून. टांग्यात एक पाय टाकलेले साहेब तो उघडा नळ बघून खाली उतरले. छत्री काखेत मारली आणि दोन्ही हातांनी तो कोरडा ठणठणीत नळ पिळून पिळून बंद केला.

"असा उघडा ठेवू नका," ते मला म्हणाले. "पाणी आलं म्हणजे वाया जाईल."

टांगा वळणाआड गेल्यावर मास्तर खाली आले आणि नळ उघडायला लागले. तो त्यांच्याने फिरेना. त्यांनी मला हाक मारली, पण मी चौथऱ्यावर आजीशेजारी जाऊन बसलो. त्या नळाला पाणी येणार असं मनापासून मानणारा आता चाळीत कुणी उरला नव्हता. नळ निदान त्या दिवसापुरता बंद राहावा, असं मला फार वाटत होतं.