नोंदवहीतली हातचूक

माझा हात चुकत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. फुशारकी वाटली तर वाटू द्या. पांढऱ्या उंदराला औषध पाजायचं काम ज्यांनी केलंय, त्यांनाच त्यातली मेख कळेल. उंदीर मानेच्या कातडीला धरून डाव्या मुठीत घ्यायचा, त्याचं डोकं मागे कलतं करायचं आणि टोकाला बारीक गोळी असलेली वाकडी सुई तोंडातून अलगद अन्ननलिकेत उतरवायची. जरा घाई झाली की सुई श्वासनलिकेत जाते, औषध फुप्फुसात उतरतं आणि उंदीर नाकातून फेस काढत तिथेच टेबलावर मरतो. वर्ध्याबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजात मी नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेत लागले. तेव्हापासून माझ्या हातून असा एकही उंदीर गेला नव्हता. एम.फार्म.च्या पोरी मला उंदरांची आत्या म्हणायच्या आणि आपापले उंदीर पाजायला माझ्याकडेच घेऊन यायच्या.

घरी याचं कौतुक बाबांना. ते रेल्वेच्या टपालात पत्रं निवडायचे, आता रिटायर होऊन नालवाडीच्या घरी बसले होते. आजोबांनी दीक्षा घेतली, बाबा मॅट्रिक झाले आणि मी पांढरा कोट घातला, एवढाच आमच्या घराण्याचा इतिहास ते आल्यागेल्याला सांगत. वर म्हणत, "माही पोरगी औषधं तपासते. तिच्या सहीबिगर बाटली बाजारात येत नाई." हे साफ खोटं होतं. रिपोर्टवर सही आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची असायची, माझी फक्त उंदरांच्या नोंदवहीत. पण मी त्यांना कधी टोकलं नाही. ऐकायला मलाही बरं वाटायचं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका औषधवाल्याने साखरेच्या आजारावरचा अर्क तपासायला आणला. झाड आपल्याकडचंच, शेताच्या धुऱ्याबांधावर उगवणारं. त्याचा पाला उकळून पिणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत आणि त्यातलं कुणी त्यामुळे मेलं नाही. पण या माणसाने पाला सोडून मुळाची साल घेतली होती, ती स्पिरिटमध्ये भिजवून अर्क गुळासारखा घट्ट आटवला होता, आणि तरीही कागदावर लिहिलं होतं 'परंपरागत औषध'. परंपरा उकळलेल्या पाल्याची होती. हे मी सरांना म्हटलं. सर म्हणाले, "आपलं काम तपासायचं. भाषण नको."

अठ्ठावीस दिवस उंदरांना रोज अर्क पाजायचा होता. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मोठ्या मात्रेच्या पिंजऱ्यात दोन माद्या मरून पडलेल्या दिसल्या. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना पाजलं होतं, त्यानंतर त्यांनी दाणे खाल्लेले मी स्वतः पाहिले होते. मी दोघींना उघडलं. फुप्फुसं गुलाबी, स्वच्छ. यकृत मात्र पिवळट, डागाळलेलं, बोट लावलं तर भुसभुशीत. अर्काने यकृत खाल्लं होतं, यात शंकेला जागाच नव्हती.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सुई चुकीच्या नळीत गेल्याने उंदीर मेला, तर तो औषधाच्या माथी मारायचा नाही. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात 'हातचूक' लिहायचं, पाजणाऱ्याने सही करायची आणि त्याच्या जागी नवा उंदीर घ्यायचा. रीत वाईट नाही, माणसाच्या धसमुसळेपणाची शिक्षा औषधाला कशाला? सरांनी ती दोन यकृतं पाहिली, नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "हातचूक लिहा."

मी म्हटलं, "सर, फुप्फुसं साफ आहेत. आणि हातचुकीने मरणारा उंदीर रात्रभर थांबत नाही."

"अहो, तुम्ही माणूसच ना? हात घसरतो कधी. इतना टेन्शन काहे का?" मग खालच्या आवाजात, "तुमची कायम नेमणुकीची फाईल या महिन्यात वर जाते आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर मिळेल की नाही म्हणून झोप उडायची, तेही माहीत होतं. मी लिहिलं. दोनदा लिहिलं, दोन उंदरांसाठी, आणि दोनदा सही केली. दुपारच्या चहापर्यंत बातमी कॉलेजभर झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असतं तर उंदीर वळवळला असं म्हणाले असते. माझ्या वेळी मात्र, कोट्यातून आलेल्यांचे हात असेच, असं एक मास्तर मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण फोडायचं कुठल्या तोंडाने? पुरावा मीच लिहून दिला होता.

नव्या दोन माद्यांना उरलेले थोडेच दिवस अर्क मिळाला. त्या जगल्या. रिपोर्ट 'सुरक्षित' असा गेला आणि मी कायम झाले. बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

वर्षभराने एका रविवारी घरी फळीवर त्याच अर्काची बाटली दिसली. खोक्यावर आमच्या कॉलेजचं नाव आणि 'प्रयोगशाळेत तपासलेले, पूर्णपणे सुरक्षित'. बाबांना साखर होतीच. ते खुशीत म्हणाले, "दुकानात नाव वाचलं तुह्या कॉलेजचं अन् दोन घेऊन आलो. महिना झाला पिऊन राह्यलो."

"नका पिऊ, बाबा."

"काऊन?"

इथे मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "डॉक्टरांची गोळी चालू आहे ना, दोन-दोन औषधं कशाला?"

ते हसले. "तू तपासलेलं हाय ना? मंग मले कायची भीती?" मी बाटली उचलून बाहेर फेकायला हवी होती. मी भाजी निवडत बसले. मनाशी म्हणाले, माणसाची मात्रा उंदराइतकी मोठी नसते. हे विज्ञान मला नेमकं त्या दिवशी आठवलं.

दीड महिन्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. अन्नावरची वासना गेली, लघवी चहासारखी. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, आणखी काही औषध घेता का? बाबांनी पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढे धरली, मोठ्या ऐटीत. "हे घेतो. पण हे सेफ हाय. माह्या पोरीनं तपासलेलं हाय."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सेफ नाही. यकृतावर जातं. दोन उंदीर मेले होते, मी दाबलं." बाबांनी बाटली खाली ठेवली. नंतरचे अठरा दिवस मी त्यांच्या उशाशी होते. ते पाणी माझ्या हातून घेत, बोलत मात्र नव्हते.

ते वाचले. घरी आणलं त्या आठवड्यात मी सरांकडे गेले आणि म्हटलं, रिपोर्ट मागे घ्या, नाहीतर मी वरती लिहीन. सरांनी कपाटातून नोंदवही काढली, ते पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं. आवाजसुद्धा चढवला नाही. "लिहा ना. हे अक्षर कोणाचं, ही सही कोणाची, तेही लिहा." मी तरीही औषध खात्याला लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं की मूळ नोंदींनुसार सदर मृत्यू कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे झाले असून औषधाशी त्यांचा संबंध दिसत नाही. बाटली दुकानात होती तिथेच राहिली.

ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते अंगणात खाटेवर बसले होते, सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी पत्र हातात घेतलं, आयुष्यभर पत्रं पाहिलेल्या माणसासारखं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. इतक्या महिन्यांनी ते माझ्याशी बोलणार, असं वाटून मी जवळ सरकले.

ते म्हणाले, "उंदराले वाचा नोयती, बाई. तुले तं होती ना?"