झाडांना विचारणारा देव

धानाची रोवणी आटोपली की केशोरीला आमच्या देवळात दुपारची पोथी लागते. बाबा ओवी वाचून थांबतात आणि मी अर्थ सांगते. मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे अर्थ सांगायची मला खोडच आहे. कोणी न विचारताही सांगते.

गेल्या वर्षी तो अध्याय आला तेव्हा घर सुतकातल्यासारखं होतं. धाकटी बहीण होळीनंतर न सांगता निघून गेली होती, आणि पोथीत बायको हरवलेला देव रानातल्या झाडांना, पाखरांना तिचा पत्ता विचारत फिरत होता. मी ठरलेला अर्थ सांगून टाकला: देव सर्वज्ञ, त्याला सगळं ठाऊकच होतं, ही त्याची लीला.

बाबांनी चष्मा काढला.

"मालूम होता, तं काऊन इचारून राहिला?"

"माणसांना विरहाचं दुःख कळावं म्हणून."

"मंग थो ढोंगी होय. मी पोरीले धुंडून राहिलो ना, मले माहीत आहे इचारनं काय रायते. थो रडला मनून लिवला आहे. त्याले खरंच मालूम नव्हता."

बहिणीचा फोन मला ती गेल्यावर आठव्याच दिवशी आला होता. रायपूरला लग्न करून ती सुखात होती. बाबांना सांगितलंस तर पुन्हा फोन करणार नाही, असं तिने बजावलं होतं. ती कायमची तुटेल या धास्तीने मी गप्प राहिले. वर बाबांसोबत चिचगडच्या बाजारात तिचा फोटो दाखवत फिरले, प्रतापगडच्या दर्ग्यावर ते नवस बोलले तेव्हा शेजारी हात जोडून उभी राहिले.

देवाला ठाऊक होतं म्हणावं तर त्याचं रडणं खोटं ठरतं, आणि रडणं खरं म्हणावं तर सर्वज्ञपण जातं. हा गुंता मला आजही सुटत नाही. पण माझ्या विचारण्यात लीला कसली, निव्वळ खोटेपणा होता. मला स्वतःची शिसारी आली.

घरी परतताना शेताच्या धुऱ्यावर मी सगळं सांगून टाकलं.

"जिती आहे ना?" बाबांनी एवढंच विचारलं.

"आहे. सुखात आहे."

ते मटकन खाली बसले आणि पोरासारखे रडले. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"आन् तू माह्यासंगं इचारत फिरलीस, बाई," ते म्हणाले.