राघूचं खापर

शेवंताआत्या गेली त्याला आता सात आठवडे झाले. तामलवाडीहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. नव्वदीला टेकलेलं माणूस, सकाळचा चहा पिऊन जरा आडवं झालं ते उठलंच नाही. असं मरण कुणालाही हवंसं वाटेल... मला रडूसुद्धा फार आलं नाही. राग आला तो तेराव्याला. पंगत बसली होती. आमच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ, चार माणसांत मान असलेले, वाढप्याला थांबवून सांगू लागले, "म्हातारी लई मायाळू, पर जीव सांभाळायची अक्कल न्हवती. चांगला पाळलेला राघू, हवेत सोडून मारला की तिनं." आणि माणसं हसली. तिच्याच तेराव्याचं जेवताना हसली. मी भरल्या पानावरून उठले. तिथं बोलले नाही म्हणून इथं लिहिते आहे. ज्यांना वाईट वाटायचं असेल त्यांना वाटू दे.

राघूचं हे घडलं तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव तामलवाडी, सरहद्दीला. पलीकडं इंग्रजांचं सोलापूर, अलीकडं आम्ही, आणि मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. शेवंताआत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. एका उन्हाळ्यात वादळानं बांधावरच्या कडुनिंबाची ढोली फुटली आणि पोपटाची दोन उघडी पिलं खाली पडली. आत्यानं ती पदरात घालून घरी आणली, ज्वारीच्या कण्या शिजवून बोटानं भरवली, आणि जगवली. एक राघू, एक हिरा. अण्णांनी तुळजापूरच्या बाजारातून हौसेनं पिंजरा आणला. आत्यानं त्यात कांदे भरून ठेवले.

आता मला त्या गृहस्थांना विचारायचं आहे, पोपट हवेत सोडणं म्हणजे काय, हे तुम्ही कधी पाहिलंत का? मी पाहिलं आहे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आत्या अंगणाच्या एका टोकाला उभी राहायची, मी दुसऱ्या टोकाला. तिच्या मनगटावरून माझ्या मनगटावर, माझ्यावरून तिच्या. महिनाभर एवढंच. मग भिंतीवरून, मग माळवदावरून, आणि पुष्कळ दिवसांनी शेतात. सकाळी दाणा द्यायच्या आधी न्यायची, म्हणजे भुकेनं परत येतात. वारं सुटलं असेल तर नाही. आभाळात शिकरा दिसला तर नाहीच. जिभेनं टक् टक् असा आवाज करायची आणि दोघं कुठूनही येऊन तिच्या खांद्यावर बसायचे. पुढं पुढं ती बैलगाडीत मागं बसली की तेही निघायचे. या बाभळीवरून त्या बाभळीवर, मधेच येऊन जुवावर बसायचे, की परत वर. बैलांनाही त्यांची सवय झाली होती. गावातल्या बाया नाकं मुरडायच्या. विधवा बाई दिवसभर आभाळात बघत फिरते, हे त्यांना खुपत होतं. आत्या कुणाला उत्तर द्यायची नाही. तिचं लक्ष वर असायचं.

मग रझाकारांची दहशत आली. शेजारच्या गावांत घरं जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि एकेक कुटुंब सोलापूरकडं निघून जाऊ लागलं. अण्णांनीही ठरवलं. बायका-पोरांनी पहाटे गाडी जोडून आईच्या माहेरी, नाक्यापलीकडं जायचं. आत्या म्हणाली, "माझी पाखरं येतील गाडीच्या मागं. रोज येत्यात." अण्णा म्हणाले, "शेताला येणं येगळं आन् ह्ये येगळं. पिंजऱ्यात घाल." आत्या म्हणाली, "अण्णा, पिंजऱ्यात घालून न्यायची असतील तर म्या बी हितंच राहते." अण्णा गप्प बसले. मला वाटलं, ऐकलं.

त्या दुपारी आत्या विहिरीवर गेली होती. अण्णांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात बैलाच्या शेपटीचे केस कापायची कातर होती. "राघूला धर," म्हणाले. राघू माझ्या हाताला सवयीचा, तो आपणहून आला. तुळजापूरला देवळाच्या वाटेवर पोपट घेऊन भविष्य सांगणारे बसतात. त्यांच्याकडून अण्णांनी एक कसब पाहून ठेवलं होतं. पंखाची बाहेरची दोन पिसं तशीच राखायची आणि आतली कापायची, म्हणजे मिटलेला पंख धड दिसतो आणि पाखरू मात्र उडून जात नाही. तसाच त्यांनी एका बाजूचा पंख कापला. राघू ओरडला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला... हिरा हे बघून निंबावर जाऊन बसला, तो हाती लागला नाही. "आत्याला सांगू नको. निघायचीच न्हाय ती. वाटंत सांगतो म्या," अण्णा म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला मान्य आहे. बहीण मागं राहू नये आणि तिचा राघूही तिच्यासोबत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण बहिणीला न विचारता तिच्या भल्याचं ठरवायचं, आणि तेही तिच्यापासून लपवून, ही आमच्या घरातल्या पुरुषांची जुनीच खोड.

पहाटे गाडी जोडली. झुंजुरकं झालं होतं, नीट दिसत नव्हतं. अण्णा सामान आवळत होते. आत्यानं रोजच्यासारखा राघू मनगटावर घेतला आणि हात वर झटकला. तो उडाला... पुरुषभर वर गेला असेल. मग एका अंगावर कलला, गरगरत खाली आला आणि वाटेवर आपटला. गल्लीतल्या कुत्र्यानं झडप घातली. अण्णा धावले, पण उशीर झाला होता. निरोप द्यायला निम्मी गल्ली जमली होती. तेवढ्या सगळ्यांसमोर माझे वडील म्हणाले, "सांगितलं हुतं, पिंजऱ्यात घाल. ऐकलं न्हाय." मी गाडीत बसून हे ऐकलं. आत्या गाडीत चढली.

आणि हिरा? त्याचं नाव कुणी घेत नाही. हिरा गाडीच्या मागं आला. बाभळीवरून बाभळीवर, सगळी वाट. नाक्यावरचा शिपाईसुद्धा वर बघून म्हणाला, "इसकी करोडगिरी भरी क्या?" आणि आमची गाडी सोडली. सोलापूरच्या बाजूला तो आत्याच्या खांद्यावर येऊन बसला. पोलीस ॲक्शननंतर आम्ही परतलो तेव्हाही तो तसाच उडत परत आला आणि पुढं कितीतरी वर्षं जगला. म्हणजे आत्या म्हणत होती तेच खरं होतं. पण लोकांना मेलेला राघू तेवढा लक्षात राहिला.

या एका गोष्टीचं खापर तिच्या माथी किती वेळा फुटलं, मला माहीत आहे. पुढं आई आजारी पडली. धाकटा भाऊ दीड वर्षाचा. आत्या म्हणाली, मी बघते त्याला. घरात चार माणसं बसली आणि म्हणाली, जिला पाखरू सांभाळता आलं नाही तिच्या हातात लेकरू कसं द्यायचं? अण्णा तिथं बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि पोराला आजोळी पाठवलं. आत्यानं त्याचं झबलं घडी करून बोचक्यात ठेवलेलं मी पाहिलं. मोठी झाल्यावर मी अण्णांना एकदा म्हटलं, तुम्ही सांगून टाका ना. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढायचं?" ते सज्जन म्हणूनच गेले. माझा त्यांच्यावर फार जीव होता, आणि तरी हे मी त्यांना माफ करू शकत नाही. माझं तर बोलायलाच नको. शिक्षिका झाले, जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि स्वतः गप्प राहिले.

गेल्या दिवाळीत मी तामलवाडीला गेले होते. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं, "आत्या, राघूचा पंख अण्णांनी कापला होता. मी धरला होता." तिचा हात थांबला नाही. दोन शेंगा फोडून झाल्या, मग म्हणाली, "ठाव हाय की मला."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. गाडीत बसताना तुज्या परकराला हिरवी पिसं चिकटली हुती. कापलेली. कुणी बघायच्या आत म्याच झटकली."

तिनं सोललेले दाणे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "पोरगी हुतीस तू. लोकांनी तुला नावं ठेवली असती."