हळदीचे हात

आबा, माझे वडील, सांगलीच्या हळद बाजारात हमाल होते. तीस वर्षं पोती वाहिली. नखं पिवळी, तळपाय पिवळे, उशीचे अभ्रे पिवळे. मोरीतून त्यांच्या अंघोळीचं पाणीसुद्धा पिवळंच वाहायचं. आई चेष्टा करायची, "लग्नाची हळद अजून उतरली न्हाई ह्या माणसाची." आई गेली तरी तेच. पिवळा रंग आमच्या घरात कुणाच्या डोळ्यांत भरायचाच नाही. त्यानंच घात केला.

गेल्या वर्षी आबांची भूक मेली. अंगात त्राण उरलं नाही, बाजारात जाणं बंद झालं. महिनाभर खाटेवर. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायचे. "तितं रांगंत मरायचं, वर सुई. मी न्हाई येत, जा!" मी तरी काय, कुपवाडच्या कारखान्यात पॅकिंगला, एक खाडा झाला की सुपरवायझरची बोलणी. मग मैत्रिणीनं मोबाईलवरच्या डॉक्टरांचं सांगितलं. रांग नाही, सुई नाही, घरबसल्या काम. आबा चक्क तयार झाले. मला तर देवच पावला.

रविवारी दुपारी फोन लावला. पडद्यावर डॉक्टरीणबाई, बोलायला गोड. "काका, हात दाखवा बरं. पिवळे दिसतायत का हो?"

मी हसले. हो, हसले! "डॉक्टर, ते हळदीचं आहे. बाजारात हमाली करतात."

"अजून काम करता, काका?"

"व्हय तर," आबा ताठ बसून म्हणाले. बसून खातो, हे परक्या बाईला सांगायची त्यांना लाज. आणि वडलांना तोंडावर खोटं कसं पाडायचं? मी मोबाईल तेवढा सरळ धरला. बाईंनी डोळे बघायला मागितले, पण खोलीत उजेड कमी, त्यात रेंज जात-येत होती. त्यांनी अशक्तपणाच्या गोळ्या लिहून दिल्या, रक्त मात्र लगेच तपासा म्हणाल्या. आबांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, आधी गोळ्या तर सुरू करू.

दहा दिवसांनी त्यांना उठवेना. मी धरून मोरीत पाटावर बसवलं, अंगावर पाणी घातलं, साबणानं हात घासले. पाणी वाहून गेलं. स्वच्छ.

पुन्हा घासले. पुन्हा स्वच्छ. महिन्याभराहून जास्त दिवस हळदीला हात न लावलेला माणूस, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. आणि रोज ती मोरी मीच धूत होते की!

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आबांची पापणी खाली ओढून बघितली आणि माझ्याकडे वळले. "फार उशीर केलात. कावीळ इतकी चढेपर्यंत दिसली नाही तुम्हाला?"

लेकीला कुणी बोललेलं आबांना कधीच खपायचं नाही. त्यांनी पडल्या पडल्या हात वर केला.

"आवं सायब, हळदीचं हाय ते. इचारा की तिला."