नऊ तिसऱ्या आणि एक तराजू

नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम आमच्या शाळेत आला तो एक जाड पुस्तिका आणि एकपानी फॉर्म घेऊन. पुस्तिका थेट हेडमास्तरांच्या कपाटात गेली. फॉर्म आमच्या हातात पडला. नव्या पद्धतीविषयी शिक्षकांचं मत आणि वर्गातला अनुभव, दहा ओळींत, आणि तोही कन्नडमध्ये.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कन्नड मुलखातल्या चामराजपेटेतली आमची मराठी शाळा म्हणजे दहा शिक्षक आणि प्रत्येक वर्गाची एकच तुकडी. बरेचसे मास्तर बेळगाव-निपाणीकडचे. बोलताना कन्नड फाडफाड, वाचता-लिहिताना मात्र घाम. मी इथेच वाढलेला, अक्षरही बरं. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही नमुना लिहा, बाकीचे बघून उतरवतील."

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. त्या वर्षीच्या तपासणीवर सगळं अवलंबून होतं. तेव्हा नमुना मी जीव ओतून लिहिला. 'पाठांतराचे ओझे गेले, मुले कृतीतून शिकू लागली', वगैरे. पुढे अनुभव हवा होता, आणि माझ्या वर्गात तर पाढ्यांच्या घोषाशिवाय काहीच होत नव्हतं. मग पहिलीच्या अक्का आठवल्या. निवृत्तीला आलेल्या. त्यांच्या दारावरून जाताना मुलं करवंटीच्या तराजूत चिंचोके तोलताना दिसायची. मी बेधडक लिहून टाकलं, 'माझ्या तिसरीच्या वर्गात मुले स्वतः केलेल्या तराजूने वजन शिकतात.'

तो नमुना स्टाफरूममध्ये फिरला. कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळणारे आठ गुरुजन खाली मान घालून माझी अक्षरं जशीच्या तशी उतरवत बसले. कवायतीचे मास्तर म्हणाले, "स्वल्प मोठं काढ रे, दिसत नाही." अक्कांनी तेवढा आपला फॉर्म स्वतःच लिहिला. मला वाटलं, म्हातारीला नवं काही झेपत नाही.

महिन्याभराने इन्स्पेक्टर आले. समोर फॉर्मांचा गठ्ठा.

"एन्री मेष्ट्रे, काय हो मास्तर," त्यांनी मला विचारलं, "या शाळेत तिसरीचे वर्ग किती?"

"एक, सर."

"मग नऊ शिक्षक तिसरीला वजन शिकवतात? कवायतीचे मास्तरही?"

कवायतीचे मास्तर माझ्या कानाशी फुसफुसले, "गाढवा, आम्ही काय लिहितोय ते सांगायचंस तरी!"

"चला," साहेब उठले, "निदान एक तराजू तरी दाखवा."

मी पहिलीच्या वर्गाकडे धावलो. अक्कांनी काही न विचारता तराजू हातात दिला. "मधोमध धर हं," एवढंच म्हणाल्या. तिसरीच्या वर्गात साहेबांपुढे मी तो टोकाजवळ धरला. एक करवंटी वर, एक खाली, आणि चिंचोके साहेबांच्या बुटांवर. माझी तिसरी आनंदाने ओरडली, "सर, हा तर अक्कांच्या वर्गातला!" दोन वर्षांपूर्वी, पहिलीत असताना, त्या सगळ्यांनी तो हाताळला होता. अर्धा वर्ग मला तो धरायला शिकवायला पुढे आला.

साहेब हसले नाहीत. अक्कांचा फॉर्म काढून त्यांनी मोठ्याने वाचला. 'यात नवे काही नाही. असे शिकवता येते. पण एका खोलीत साठ मुले असतील, तर एका तासात तराजू चारच मुलांच्या हाती येतो आणि बाकीची बघत बसतात. आधी खोली द्या.'

"दहा फॉर्मांत मत एवढंच आहे," ते म्हणाले.

खोली काही मिळाली नाही. माझं कायम होणं वर्षभर लांबलं, आणि महिनाभर रोज एक तास अक्कांच्या वर्गात बसायचा हुकूम झाला. मागच्या बाकावर गुडघे मावत नव्हते. पहिलीतली पोरं मला चिंचोके मोजून द्यायची आणि चुकलो की अक्कांना नाव सांगायची. अक्का म्हणायच्या, "सरी, असू दे, नवा आहे तो, सांभाळून घ्या." नोकरीतला तेवढा सुखाचा महिना मला पुन्हा मिळाला नाही.

पुढच्या वर्षी फॉर्म परत आला. अक्का तोवर निवृत्त झाल्या होत्या. मी लिहिलं, 'तराजू केला. तीनदा सांडला. साठांपैकी अकरा मुलांना जमले. मला अजून नीट जमत नाही.'

कवायतीचे मास्तर वही-पेन घेऊन शेजारी येऊन बसले होते. त्यांनी अक्षर-अक्षर लावून वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे काय लिहिलंस? हे आम्हाला उतरवता येत नाही!"