काजलचा हेत्वाभास

समुद्रपुरात कापडाचं दुकान चालवणारे अण्णाजी थोरल्या भावापुढं, बंडूजींपुढं, कधी तोंड उघडत नसत. १९९८ साली अण्णाजींच्या काजलनं हिंगणघाटच्या कॉलेजात जायचं म्हटलं, तसे बंडूजी गरजले, "शेजारची रीता बसनं गेली अन् नापास झाली. बसनंच पोरी बिघडतात!"

"मोठे बाबा, तुमचा निकेश तर घरी राहून नापास झाला. मंग घरानं पोरं बिघडतात का? याले हेत्वाभास म्हणतात."

"म्हंजे काय वं?"

"जुन्या न्यायशास्त्रातला शब्द हाय. हेतू म्हंजे कारण. कारणाचा नुसता आभास. दिसते, पण नसते."

"अण्णा, समजव हिले!"

"तिनंच तर समजावलं, दादा," अण्णाजी छाती काढून म्हणाले. "काजल, उद्या बसचा पास काढजो."

त्यानंतर कापड फाडता फाडता ते गिऱ्हाइकांना विचारत, "हेत्वाभास मालूम हाय का? आमच्या पोरीले इचारा!"