वाटीवरचे तीन शब्द

आईच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्या बायकांना स्टीलची एकेक वाटी द्यायची असं दादानं ठरवलं, तेव्हा वाटीवर काय लिहायचं हे मीच सांगणार, यात मला शंका नव्हती. मी परभणीच्या कॉलेजात मराठी शिकवते. वालूरच्या आमच्या घरात लग्नपत्रिकेपासून शोकसंदेशापर्यंत सगळा मजकूर माझ्याच हातचा. आईवर चांगल्या लांबलचक ओळी लिहून नेल्या. त्यात वात्सल्य होतं, कष्ट होते, वटवृक्षही होता.

दादा-वहिनीही बरोबर होते. सेलूच्या दुकानात भांड्यांवर नाव टाकणाऱ्यानं कागद वाचला आणि वाटी माझ्यासमोर उपडी धरली.

"मग घंगाळच घ्या ताई. वाटीवर नावाखाली तीन शब्द बसतेत."

तीन शब्दांत आई कशी बसवायची? मी पायरीवर बसून लिहीत नि खोडत राहिले. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक. कुणाच्याही आईला चालतील असे शब्द. आणि आमची आई सोशिक तर मुळीच नव्हती. तेवढ्यात वहिनी, जिनं आईबरोबर सगळा संसार एका चुलीपाशी भांडत काढला, ती पिशवी सावरत म्हणाली, "रिकामी देऊ नये, एवढंच टाका."

दादानं तिथंच डोळे पुसले. शेजारून आलेली वाटी आईनं कधी रिकामी परत पाठवली नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, परसातल्या दोन मिरच्या, एकदा तर नुसता कढीपत्ता. वडील गेल्यावर गल्लीनं आम्हाला खूप दिलं, पण आईनं मान खाली घालून काही घेतलं नाही. अख्खी आई त्या तीन शब्दांत होती आणि ते शब्द माझे नव्हते. माझा जळफळाट झाला. "जरा कोरडं वाटतंय," असंही मी म्हणून पाहिलं. कुणी लक्ष दिलं नाही.

वर्षश्राद्धाला बायका वाटी हातात घेऊन वाचायच्या, डोळ्याला पदर लावायच्या आणि वहिनीला जवळ घ्यायच्या. पोखर्णीची मावशी तर सगळ्यांदेखत म्हणाली, "सुनंनं लेकीवर कडी केली की." मीही हसले. हसावंच लागलं.

पंगती उठल्यावर वहिनी भांडी पुसत बसली होती. मी तिला गाठलं.

"'रिकामी देऊ नये' असं आई मला कधीच म्हणाली नाही," मी म्हणाले.

खरंच म्हणाली नव्हती. वहिनीला ते रोज ऐकायला मिळालं, रागावून का होईना. मला, पोटच्या पोरीला, एकदाही नाही. त्या रागावण्याचासुद्धा मला हेवा वाटत होता.

वहिनी हसली. "तुमाला कशाला म्हणतील ताई? तुमचे डबे कवा परत आले?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

परभणीला घरी आल्यावर स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. लोणच्याचे, चटणीचे, शेवयांचे डबे एकावर एक होते. प्रत्येकावर आईचं नाव. माहेराहून प्रत्येक वेळी भरून आणलेले. त्यांच्याशेजारी मी ती वाटी ठेवली, शब्द भिंतीकडं करून.